रोमँटिक आणि रोमँटिकविरोधी : मराठी कवितेतील एका विरोधाचा इतिहास

मराठी काव्यसमीक्षेत ‘रोमँटिक’ आणि ‘रोमँटिकविरोधी’ या संज्ञा बहुधा सरळ विरुद्धार्थी म्हणून योजल्या जातात. प्रेम, निसर्ग व स्वप्नरंजन यांवरून पहिलीचा, तर महानगर, यंत्र व कुरूपता यांवरून दुसरीचा अर्थ ठरविला जातो. हा भेद काव्यविषयांच्या यादीवर उभा असल्याने इतिहासाच्या कसोटीला तो उतरत नाही. रोमँटिसिझम एक नसून अनेक आहेत, हे आर्थर लव्हजॉय यांनी १९२४ मध्येच प्रतिपादिले होते. मराठीपुरते पाहिले तरी या संज्ञेचे निदान दोन अर्थ कालक्रमाने घडलेले दिसतात.

केशवसुतांच्या (१८६६–१९०५) कवितेत रोमँटिक वृत्ती ही प्रथमतः बंडखोर वृत्ती आहे. व्यक्तीच्या अनुभूतीला प्रमाण मानणे आणि त्या बळावर काव्यसंकेत व समाजव्यवस्था या दोहोंना आव्हान देणे, हे तिचे मर्म होय. ‘तुतारी’ आणि ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितांचा उगम याच आत्मप्रत्ययात आहे. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काळात हा अर्थ संकोचला. माधव जूलियनांच्या प्रेमकवितेतील धीटपणा जमेस धरूनही असे म्हणावे लागते की, काव्यगायनाने लोकप्रिय झालेल्या या कवितेमुळे ‘रोमँटिक’ म्हणजे भावविवशता हे समीकरण वाचकमनात रुजले.

या कवितेला झालेला प्रत्येक विरोध मात्र रोमँटिकविरोधी ठरत नाही. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबन शैलीच्या सवयींना हसते, भावनेच्या प्रामाण्यावरील श्रद्धेला ते धक्का लावीत नाही. गडकऱ्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या कवीकडून तशी अपेक्षाही नव्हती. खरा विच्छेद मर्ढेकरांत आढळतो. त्यांचा ‘शिशिरागम’ (१९३९) हा संग्रह पूर्वकालीन भावकवितेच्याच वळणाचा आहे. ‘काही कविता’ (१९४७) मध्ये मात्र अनुभव घेणारा ‘मी’च संशयास्पद झालेला आहे. रोमँटिकविरोध तो हाच. ज्या वृत्तीतून कवी स्वतः गेला, तिच्यावरील विश्वास आतून ढळल्याखेरीज तो संभवत नाही. म्हणूनच तो ‘अरोमँटिक’ असण्याहून निराळा आहे. मोरोपंतांची कविता अरोमँटिक आहे, रोमँटिकविरोधी नव्हे. मर्ढेकर ओवी-अभंगाकडे वळतात तेही रोमँटिक आत्मनिष्ठेच्या पलीकडचा आधार शोधण्यासाठी. तरीही मुंबईच्या माघातील प्रभातीचे त्यांचे चित्र पाहिले की, नाकारलेली सौंदर्यश्रद्धा पुरती मावळलेली नव्हती, हे ध्यानात येते.

या भेदाचे महत्त्व १९६० नंतरच्या कवितेचा विचार करताना अधिक जाणवते. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) यांना केवळ वस्तीच्या, भुकेच्या वा शिवराळ भाषेच्या आधारे रोमँटिकविरोधी म्हणणे, म्हणजे ज्या काव्यपरंपरेच्या अंगणात या अनुभवविश्वाला कधी प्रवेशच नव्हता तिच्यावरील केवळ प्रतिक्रिया म्हणून या कवितेकडे पाहणे होय. त्यामुळे तिचे स्वतंत्र प्रयोजन झाकोळते. उलट, जग बदलू शकते हा विश्वास आणि व्यवस्थेला ललकारणारा ‘मी’ ही या दोन्ही कवींची बलस्थाने मर्ढेकरांच्या संशयापेक्षा केशवसुतांच्या बंडखोरीला अधिक जवळची आहेत. अंत्यजाच्या मुलाचा प्रश्न केशवसुतांनी सहानुभूतीने मांडला. ढसाळांच्या कवितेत तो मुलगाच बोलू लागला. हे अंतर फार मोठे आहे, पण ते रोमँटिक आणि रोमँटिकविरोधी यांमधील अंतर नव्हे.

मराठीतील रोमँटिकविरोध हा प्रामुख्याने संज्ञेच्या संकोचलेल्या अर्थाला झालेला विरोध आहे. तिचा आद्य, विद्रोही अर्थ त्यानंतरही कार्यरत राहिला, आणि जिथे समीक्षेने त्याची अपेक्षा केली नव्हती तिथे तो सर्वाधिक प्रखरपणे प्रकटला.