शहापूरची राजदूत आणि मामांची यादी



बेळगावच्या आठवणी म्हटल्या की कुंदा, गणपती आणि कॅम्पातली थंडी हे ठरलेलं. मी आज एका मोटरसायकलबद्दल लिहितोय. ती आमच्या घरात आली, तिच्यामुळं घरात भांडणं झाली, एकदा जीवावर बेतलं, आणि त्यातून जे कळलं ते परवा पुतण्याला सांगायची वेळ आली. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

आपल्या गावाला यंत्राचं वेड जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्यांचा लोखंडी नांगर पुढं आला आणि किर्लोस्करवाडी १९१० ची. गावात किर्लोस्कर रोड हे नाव तेवढं राहिलं. पण हातातली कला काही त्यांच्याबरोबर निघून गेली नाही. उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि लेथची शेडं बघितली की कळतं. आमचे मामा तिथलेच, टर्नर. नजरेनं माप सांगायचे आणि नंतर मायक्रोमीटर लावून स्वतःलाच तपासायचे.

दादा त्याच उद्यमबागेत एका फौंड्रीत सुपरवायझर होता. १९९१ साली त्यानं कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी साहेबांकडून जुनी राजदूत ३५० घेतली. वडील आधीपासून म्हणत होते, "हिरो होंडाची सीडी १०० घे, पेट्रोल वाचंल." दादानं ऐकलं नाही. गाडी गल्लीत शिरली तेव्हा अर्धी गल्ली बाहेर आली होती. आईनं ओवाळलं, नारळ फोडला. वडील मात्र आतच पेपर वाचत बसले.

आता ही गाडी म्हणजे काय ते नव्या पोरांसाठी सांगतो. जपानात यामाहानं १९७३ च्या सुमाराला आरडी ३५० काढली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. १९८३ साली फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सनं ती राजदूत नावानं आपल्याकडं आणली. रस्त्यावर तेव्हा बुलेट, येझदी आणि साध्या राजदूत असायच्या. त्यांत ही म्हणजे तालमीतल्या पोरांत एकदम हिंदकेसरी. पण येताना तिच्यात दोन बदल झाले. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती, ती इथं मायलेजसाठी ३०.५ वर आणली. ही ‘एचटी’. पुढं ‘एलटी’ आली, ती २७ ची. दुसरा बदल पुढच्या चाकात. जपानी गाडीला पुढं डिस्क ब्रेक होता, इथं ड्रम आला. दादाची गाडी एलटी होती, १९८६ ची.

म्हणजे ताकदही कमी आणि ब्रेकही साधा. हातात थोडे पैसे असले तर आधी काय सुधारायचं? आमच्या घरातला सगळा वाद हाच होता.

१९९२ च्या दिवाळीत दादाला बोनस मिळाला. एका रविवारी मामा घरी आले. गाडी स्टँडवर लावली, चाकं फिरवली, ब्रेक दाबून बघितला, पुढचा फोर्क खालीवर केला. मग कालनिर्णयचं जुनं पान मागितलं आणि पाठीमागं पेन्सिलीनं लिहिलं:

१. टायर
२. ब्रेक
३. फायर (पॉइंट, कॉइल, प्लग)
४. फोर्क, शॉकअप
५. उरले तर सायलेन्सर

दादाचा चेहराच पडला. त्याला पाचवा नंबर पहिला हवा होता. गावात एकजण हातानं पत्रा वाकवून ‘चेंबर’ करून द्यायचा. मधे फुगीर, टोकाला निमुळता, आवाज असा की टिळकवाडीच्या तिसऱ्या गेटपाशी गाडी आली की शहापुरात कळावं.

चेंबर म्हणजे नुसता आवाज नव्हे, हे मामांनाही माहीत होतं. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जाताना त्याच्यामागं थोडं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही निसटतं. चेंबरच्या निमुळत्या टोकावर आपटून दाबाची लाट परत येते आणि ते मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. लाट वेळेवर आली की गाडी उसळते. पण ती ठराविक आरपीएमलाच वेळेवर येते. त्याखाली गाडी उलट मंद होते. शिवाय हवेचं गणित बदलतं, म्हणून कार्बोरेटरचा जेटही बदलावा लागतो. नाहीतर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि इंजिन सीज होतं. चालत्या गाडीत सीज झालं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं.

मामा एवढंच म्हणाले, "पळवायचं नंतर बघू की रे. आधी थांबतीय काय ते बघ. लायनर संपलेत तुझे."

दादा मान हलवून ‘हो’ म्हणाला. आणि आठवड्यात चेंबर बसवून आला. जेट मात्र बदलून घेतला होता, तेवढी अक्कल होती. ब्रेकला पैसे उरले नाहीत. "पुढच्या महिन्यात करू," म्हणाला.

भाऊबीजेला ताईकडं सावंतवाडीला जायचं होतं. वडील म्हणाले एसटीनं जावा. आम्ही गाडीनं निघालो. मी बारावीला होतो, मागं बसलेलो, मांडीवर कुंद्याचा डबा. शिनोळी, पाटणे फाटा, आंबोलीपर्यंत काय गाडी पळाली म्हणून सांगू. खरं सांगतो, तो आनंद मी आजही नाकारत नाही. दादा वळून ओरडत होता, "बघितलास काय पिकअप?"

मग आंबोलीचा उतार लागला.

टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन उतारावर फारसं रोखून धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनर तापलं की त्याची पकडही सुटते. त्यात आमचे लायनर आधीच झिजलेले. चार-पाच वळणं ठीक गेली. मग ब्रेकची मूठ हँडलपर्यंत आली तरी गाडी थांबेना. करपल्याचा वास मला मागं आला. पुढच्या वळणावर खालून एसटी येत होती. दादानं गाडी डोंगराच्या बाजूला चरात घातली. दरीच्या बाजूला घातली असती तर हे लिहायला मी नसतो.

दादाचं गळपट्टीचं हाड मोडलं. माझा गुडघा आणि कोपर सोलून निघाले. एसटीच्या ड्रायव्हरनं आणि कंडक्टरनं आम्हाला बसमध्ये घालून सावंतवाडीला नेलं. ताईनं दवाखान्यातच ओवाळलं. रडत होती आणि ओवाळत होती.

दोष गाडीचा नव्हता. ड्रम ब्रेक नीट राखला तर त्याच घाटात लोक वर्षानुवर्षं गाड्या चालवत होते. चेंबर करणाऱ्याचाही नव्हता, त्यानं सांगितलं ते करून दिलं. दोष आमच्या क्रमाचा होता. कारखान्यानं जिथं हात आखडला होता तिथं आम्ही भर घातली नाही. जिथं लोक बघतात तिथं घातली.

हाड जुळेपर्यंत गाडी मामांच्या शेडमध्ये होती. मामा एका शब्दानंही बोलले नाहीत, हेच दादाला जास्त लागलं. त्यांनी ड्रम लेथवर चढवून आतून गोल करून घेतला. शूला नवे लायनर लावले आणि ते ड्रमच्या गोलाईला बरोबर बसेपर्यंत घासले. या पुढच्या ब्रेकमध्ये दोन कॅम असतात, मधे एक जोडकाडी. तिची लांबी चुकली तर दोन शूंपैकी एकच काम करतो आणि चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आमची काडी चुकलेलीच होती! मामांनी ती जुळवली. खर्च विचाराल तर चेंबरच्या पाव हिस्साही आला नाही.

मग हळूहळू यादी खाली सरकली. टायर नवे. पॉइंट आणि कॉइल. फोर्कमधलं तेल आणि सील. एवढं झाल्यावर दादानं चेंबर स्वतःहून काढलं आणि जुने सायलेन्सर परत लावले. म्हणाला, "आता गाडी हातात आली. आवाजाची गरज नाही."

१९९९ साली हिरो होंडाची सीबीझेड आली, पुढं डिस्क ब्रेकवाली. मग डिस्कचं सामान गावोगावच्या दुकानात मिळायला लागलं. पुष्कळ राजदूतवाल्यांनी तसलं सामान बसवून घेतलं. दादानंही मामांना विचारलं. मामा तेव्हा निवृत्त झाले होते. म्हणाले, "ब्रॅकेट मी करून देतो. खरं मूठीतला सिलिंडर आणि चाकावरचा कॅलिपर एकमेकाला जुळले पाहिजेत. न्हाईतर मूठ दगडागत घट्ट लागंल, न्हाईतर स्पंजागत दबंल. फोर्क, चाक, सगळा संच बदलणार असशील तर बदल. अर्धवट करू नको." दादानं हिशेब केला आणि ड्रमच ठेवला. घाटात मात्र तो त्यानंतर कायम खालच्या गिअरमध्ये, सावकाश उतरला.

मामा गेले. गाडी अजून आहे, दसऱ्याला झेंडू घालून पूजा होते. चेंबर माळ्यावर आहेत.

परवा पुतण्यानं पहिल्या पगारातून नवी स्पोर्ट्स गाडी घेतली. एबीएस आहे, डिस्क दोन्हीकडं आहे. आठव्या दिवशी मोबाईल पुढं केला, "काका, हा एक्झॉस्ट बघा, कसला आवाज आहे!" मी म्हटलं कायदा बदललाय बाबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं गाडीत बेकायदा फेरफार केला तर दर फेरफारामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पोरांना दंडाची भीती नसते.

दादा उठला, कपाटातनं ते कालनिर्णयचं पान काढून आणलं. पेन्सिल पुसट झालीय, पण वाचता येतं. शर्टाचं बटण काढून खांद्याजवळचं हाड दाखवलं, ते अजून उंचवटा धरून आहे. म्हणाला, "मामांनी हे लिहून दिलं होतं. मी खालून वाचायला सुरुवात केली."

पोरगं गप्प बसलं. पुढच्या रविवारी त्यानं चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि जॅकेट आणलं. पानाच्या सगळ्यात वर, एक नंबरच्याही आधी, त्यानं स्वतःच्या पेनानं लिहिलं: ०. हेल्मेट. मामांना ते आवडलं असतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी राजदूत, येझदी, आरएक्स १०० होती? उद्यमबागेत कुणाच्या मामा-काकांनी तिच्यावर हात फिरवला होता? फोटो असतील तर जरूर टाका. आणि घरातल्या पोरांना ही यादी वाचून दाखवा. वरून खाली.