खाणीचा वायु घरांत

१९८४ सालच्या डिसेंबर महिन्यांतली गोष्ट. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया राज्यांत लिमरिक येथें अणुशक्तीवर चालणारें एक वीजगृह बांधून होत आलें होतें. कामगारांच्या अंगाला किंवा कपड्यांना किरणोत्सर्गी द्रव्य चिकटून बाहेर जाऊं नये म्हणून दाराशीं तपासणीचीं यंत्रें बसविलेलीं होतीं. स्टॅन्ली वॉट्रस नांवाचा तेथील एक अभियंता त्या यंत्राजवळ गेला कीं धोक्याची घंटा वाजे, आणि हें दिवसामागून दिवस घडूं लागलें. वीजगृह तर अद्याप सुरू व्हावयाचें होतें. मग हें द्रव्य यावें कोठून? अखेर एके दिवशीं कामावर येतांच, आंत कशालाहि हात लावण्यापूर्वीं, वॉट्रस यंत्रापाशीं जाऊन उभा राहिला. घंटा वाजली. कारखान्यांतून तो कांहीं घरीं नेत नव्हता. घरांतून कारखान्यांत आणीत होता.

घराची हवा तपासली तेव्हां तींत दर लिटरामागें सुमारें २,७०० पिकोक्युरी इतका रेडॉन निघाला. पिकोक्युरी हें किरणोत्सर्ग मोजण्याचें एक बारीक माप आहे. अमेरिकन सरकारनें घरांसाठीं ठरविलेली कृतीची मर्यादा अवघी ४ आहे. १९८५ च्या जानेवारींत वॉट्रस कुटुंबानें घर सोडलें. नवल असें कीं, शेजारच्या घरांत असें कांहींच आढळलें नाहीं. युरेनियमचा अंश असलेल्या पुरातन खडकाची एक पट्टी त्या भागांतून गेलेली आहे. तिचा माथा नेमका कोणत्या घराखालीं यावा, हें घर बांधणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता.

युरेनियम झिजत झिजत त्याचें रेडियम होतें आणि रेडियमपासून हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पावणेचार-चार दिवसांत त्याचा निम्मा भाग नाहींसा होतो, पण नाहींसा होतांना मागें पोलोनियमसारखे कण ठेवून जातो. ते श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन बसतात, आणि खरा अपाय त्यांचाच. थंड देशांत घर आंतून तापविलेलें, दारें-खिडक्या लावलेल्या. उबदार हवा वर चढते आणि तिची जागा भरून काढण्यासाठीं तळघराच्या भेगांतून जमिनींतील हवा वर ओढली जाते. घरच जणूं भूमीचा श्वास शोषून घेतें.

वर्तमानपत्रांनीं हा नवा शोध म्हणून गाजविला. तो नवा मुळींच नव्हता. सॅक्सनींतील श्नीबर्ग आणि बोहेमियांतील योआखिमस्टाल येथील खाणकामगार तरुणपणींच छातीच्या विकारानें मरतात, हें सोळाव्या शतकापासून ठाऊक होतें. (डॉलर हा शब्द याच योआखिमस्टालच्या चांदीच्या नाण्यावरून आला आहे.) तेथें वैद्यकी केलेल्या अ‍ॅग्रिकोलाचा खाणविद्येवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ सालीं प्रसिद्ध झाला. कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या आसपास एकेका स्त्रीनें सात सात नवरे केले व ते सर्व क्षयानें गेले, असें त्यानें नमूद केलें आहे. त्यानें दोष धुळीला दिला. परंतु खाणींत ताजी हवा खेळविण्याचीं यंत्रें त्यानें मोठ्या आस्थेनें वर्णिलीं आहेत. निदान चुकलें तरी उपचार बरोबर होता.

१८७९ सालीं हार्टिंग आणि हेस या दोघां डॉक्टरांनीं श्नीबर्गचा हा रोग म्हणजे फुप्फुसांचा कर्करोग होय असें दाखविलें. १९०० सालीं डॉर्न यानें रेडियमपासून वायु निघतो हें सिद्ध केलें. म्हणजे रोगाचें नांव आणि वायूची ओळख या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच हातीं आल्या होत्या. तरीहि महायुद्धानंतर कोलोरॅडोच्या पठारावर युरेनियमच्या खाणी निघाल्या, त्यांत नव्हाहो जमातीचीं अनेक माणसें कामाला लागलीं, आणि पुरेशी हवा न खेळविलेल्या बोगद्यांत तीं वर्षानुवर्षें राबलीं. सरकारी आरोग्यखात्यानें १९५० मध्यें त्यांची पाहणी सुरू केली. पण हवेंतील रेडॉनला मर्यादा घालणारा हुकूम निघावयास १९६७ साल उजाडलें, आणि भरपाईचा कायदा झाला १९९० मध्यें! या विलंबाला अज्ञान म्हणतां येणार नाहीं.

घरांतील रेडॉनहि १९५६ सालींच हुल्टक्विस्ट यानें स्वीडनमध्यें मोजला होता. तेव्हां त्याचें फारसें कोणास कांहीं वाटलें नाहीं. वॉट्रसच्या घंटेनंतर मात्र चक्रें वेगानें फिरलीं. अवघ्या चार वर्षांत, १९८८ सालीं, तिसऱ्या मजल्याखालच्या प्रत्येक घराची तपासणी करून घ्या, असें अमेरिकन सरकारनें नागरिकांस सांगितलें. खाणकामगारांच्या छातींतून मिळालेलें ज्ञान मध्यमवर्गीयाच्या तळघरांत शिरलें तेव्हांच त्याला किंमत आली, असें म्हटल्यास तें कटु वाटेल, पण खोटें नाहीं.

तपासणी म्हणाल तर ती फार साधी. कोळशाची भुकटी भरलेली एक डबी घरांतील राहत्या जागेच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्या लावून, दोन ते सात दिवस उघडी ठेवावयाची. मग झांकण लावून प्रयोगशाळेकडे धाडावयाची. कोळसा वायु शोषून घेतो. अधिक खात्री हवी तर प्लॅस्टिकचा एक विशिष्ट तुकडा तीन महिने ते वर्षभर ठेवतात. अल्फा कणांचे ओरखडे त्यावर उमटतात आणि ते मोजतां येतात. ऋतु बदलला कीं आंकडा बदलतो, म्हणून लांब मुदतीची मोजणी अधिक विश्वसनीय. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत युरेनियम अत्यल्प, आणि आपल्या घरांच्या खिडक्याहि बहुधा उघड्या. त्यामुळें हें भय इकडे तितकें बोचत नाहीं.

आंकडा मोठा आला तर फरशीखालीं एक नळी घालून पंख्यानें तेथील हवा छपराबाहेर सोडतात. अ‍ॅग्रिकोलाचींच यंत्रें, फक्त आकार लहान. वॉट्रसच्या घरावर असेच प्रयोग करण्यांत आले आणि कांहीं महिन्यांनीं तें कुटुंब पुन्हां तेथें राहावयास आलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं फुप्फुसांच्या कर्करोगांपैकीं शेंकडा ३ ते १४ रेडॉनमुळें होतात असा अंदाज दिला. धूम्रपान करणाऱ्यांस धोका सर्वांत अधिक. आणि वॉट्रसनंतर तीस वर्षांनीं, २०१४ मध्यें, त्याच पेन्सिल्व्हानियांत लीहाय परगण्यांतील एका घराची तपासणी झाली, तेव्हां आंकडा आला ३,७१५.