क्षेत्रकृती प्रकल्प
विद्यापीठाने समाजातील एखाद्या प्रश्नावर स्वतः सेवा उभारून पाहण्याची, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने रुजवलेली पद्धत. संस्थेचा जन्मच दानातून झाला: सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या साथीने संस्थेचा महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मार खाऊन आलेल्या बाईला पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटते, तिचे म्हणणे ऐकून घेते, तक्रार नोंदवायला सोबत करते. मदत पोलिसांच्या दारातच मिळावी, हा या कक्षाचा खरा नवा विचार. पुढे राज्य शासनाने कक्षांची जबाबदारी उचलली. दानाने सुरू झालेल्या कामाला यापेक्षा भक्कम आधार नाही.

१९९६ मध्ये संकटातील मुलांसाठी चाइल्डलाइन ही मोफत दूरध्वनी सेवा याच संस्थेतून निघाली. तिचा क्रमांक १०९८. ‘दस, नौ, आठ’ असा उलटा मोजला की अक्षरओळख नसलेल्या, फलाटावर झोपणाऱ्या पोरालाही तो पाठ होतो. ही सेवा पुढे देशभर पसरली. संस्थेचाच ‘प्रयास’ प्रकल्प (१९९०) कैद्यांच्या पुनर्वसनासाठी, तर ‘कोशिश’ (२००६) बेघरांसाठी काम करते.

अशा प्रकल्पांच्या भागीदारीत पैसा दात्याचा, अधिकार शासनाचा आणि माणसे विद्यापीठाची असतात. देणगीची मुदत संपली की अनुभवी कार्यकर्ते पांगतात, ही तिची सर्वांत दुखरी बाजू होय.