कॉलेज शिकतानाच लष्करी अधिकारी होण्याची तयारी : एनसीसी, सीडीएस आणि एसएसबीची माहिती

सैन्य ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मच 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. आजही विदर्भ, मराठवाडा, कोकणातल्या कितीतरी बौद्ध घरांत भिंतीवर गणवेशातला एखादा फोटो असतो. पण त्या फोटोतला माणूस बहुधा शिपाई, नायक, हवालदार किंवा सुभेदार असतो. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर या हुद्द्यांवरची आपल्या ओळखीतली नावे सांगा म्हटले की आपण थांबतो.

दरवर्षी भरती जवळ आली की मैदाने पोरांनी भरून जातात. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा कॉलेज अर्धवट सोडून अग्निवीर किंवा पोलीस भरतीच्या मागे लागतो. त्या नोकऱ्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण हाच मुलगा किंवा मुलगी पदवी पूर्ण करून अधिकारी म्हणून सैन्यात जाऊ शकते, हे त्यांना वेळेवर कुणी सांगत नाही. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

बंद दार आणि उघडलेले दार

ब्रिटिश काळात भारतीय सैनिकाची मजल सुभेदार, फार तर सुभेदार-मेजर या हुद्द्यापर्यंत जात असे. त्यातही 1890च्या दशकाच्या सुरुवातीला 'लढाऊ जाती'च्या धोरणाने महारांची भरतीच बंद झाली. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 साली, बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले होते.

याच रेजिमेंटच्या 8व्या बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना 1987च्या श्रीलंकेतील कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते मुंबईच्या कॉलेजातून विज्ञान शाखेचे पदवीधर झाले होते आणि चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेतून 1972 साली अधिकारी झाले. आधी कॉलेज, मग चेन्नई, हाच मार्ग आजही खुला आहे.

पहिली पायरी : एनसीसी

राष्ट्रीय छात्र सेना म्हणजे एनसीसी 1948च्या कायद्याने स्थापन झाली. 1962च्या युद्धानंतर काही वर्षे ती कॉलेजात सक्तीची होती, 1968 पासून पुन्हा ऐच्छिक झाली. कॉलेजातल्या मुलांसाठी सिनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी सिनियर विंग असते. एनसीसीत गेले म्हणजे सैन्यात जाण्याचे बंधन येत नाही.

ठरलेल्या संचलनांना हजेरी, वार्षिक शिबिर आणि परीक्षा यांतून दुसऱ्या वर्षी 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्र मिळते. नावनोंदणी साधारणपणे पदवीच्या पहिल्या वर्षी, प्रवेशानंतर लगेच होते आणि जागा मर्यादित असतात. पहिले वर्ष हुकले तर 'सी' प्रमाणपत्र मिळवणे अवघड होते. म्हणून प्रवेश घेतानाच त्या कॉलेजात एनसीसी आहे का, ती भूदलाची, नौदलाची की हवाई दलाची आहे, हे विचारून घ्यावे. एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक कोण आहेत, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावे.

एनसीसी स्पेशल एंट्री

या योजनेत लेखी परीक्षा नसते. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्यांना थेट एसएसबी मुलाखतीला बोलावतात. मुख्य अटी अशा :

– वय 19 ते 25 वर्षे, अविवाहित. मुले आणि मुली दोघांनाही संधी.
– कोणत्याही शाखेची पदवी, सरासरी किमान 50 टक्के गुण. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, मात्र आधीच्या वर्षांत सरासरी 50 टक्के हवेत.
– सिनियर डिव्हिजन किंवा विंगमध्ये किमान दोन शैक्षणिक वर्षे, आणि 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी.

निवड झाली की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत 49 आठवड्यांचे प्रशिक्षण असते. त्या काळात महिना 56,100 रुपये विद्यावेतन मिळते. प्रशिक्षणानंतर लेफ्टनंट हुद्द्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळते. ही सेवा 10 वर्षांची असून आणखी 4 वर्षे वाढू शकते.

सीडीएस परीक्षा

एनसीसी नसली तरी दार बंद होत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा घेतो. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही ती देता येते. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे प्रत्येकी 100 गुणांचे तीन पेपर असतात. चेन्नईच्या अकॅडमीसाठी गणिताचा पेपर नसतो. म्हणजे कला किंवा वाणिज्य शाखेच्या, गणिताला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यालाही वाट आहे. डेहराडूनच्या काही जागा एनसीसी 'सी' प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव असतात. सीडीएसमधून मुलींना चेन्नईच्या अकॅडमीत प्रवेश मिळतो.

ज्यांची भावंडे अजून अकरावी-बारावीत आहेत त्यांनी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएची माहिती घ्यावी. तिथे तीन वर्षांच्या प्रशिक्षणासोबत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. 2022 पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे.

एसएसबी : पाच दिवसांची कसोटी

कोणत्याही मार्गाने गेले तरी एसएसबी चुकत नाही. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणे व त्यावर गटात चर्चा. इथेच बरेच उमेदवार परत जातात. पुढच्या दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामे, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटी सर्व परीक्षकांसमोर हजेरी. त्यानंतर वैद्यकीय तपासणी.

इथे पाठांतर चालत नाही. चार माणसांना सोबत घेता येते का, अडचणीत डोके शांत राहते का, बोलणे आणि वागणे एक आहे का, हे पाहिले जाते. जयंतीची मिरवणूक शिस्तीत पार पाडणारा, विहारात मुलांचा अभ्यासवर्ग चालवणारा, पूर आला तेव्हा वस्तीत धान्य वाटणारा कार्यकर्ता या गोष्टी आधीच करत असतो. त्या नीट, आत्मविश्वासाने आणि इंग्रजीत सांगण्याचा सराव मात्र हवा. रोज वर्तमानपत्र, आठवड्याला दोन गटचर्चा आणि 2.4 किलोमीटर धावण्याचा नियमित सराव, एवढे पहिल्या वर्षापासून करता येते.

महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागामार्फत नाशिक रोड येथे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र चालते. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या किंवा एनसीसीमार्फत एसएसबीसाठी शिफारस झालेल्या उमेदवारांना तिथे एसएसबीचे प्रशिक्षण, निवास आणि भोजन मोफत मिळते. त्याच्या सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळतात. खासगी क्लासची हजारोंची फी भरण्याआधी तिथे जाऊन यावे.

आरक्षण नाही, मग काय?

लष्करी अधिकारी पदांत जातनिहाय आरक्षण नाही. वयात किंवा गुणांतही सवलत नाही. सीडीएस आणि एनडीएच्या परीक्षा शुल्कात मात्र अनुसूचित जातीच्या उमेदवारांना माफी आहे. 1990च्या दुरुस्तीमुळे बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही केंद्रात तो दर्जा आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातले प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. आरक्षण नाही म्हणून अर्जच न करणे हे आपल्याच हाताने दार लावून घेण्यासारखे आहे.

बौद्धाने सैन्यात जावे का?

हा प्रश्न आमच्या वाचकांकडून नेहमी येतो आणि तो टाळू नये. पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. तरीही वैशालीचा सेनापती सिंह हा बुद्धांचा उपासक होता. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने पाळायचे तत्त्व आहे अशी मांडणी केली आहे. ज्याला हे पटत नाही त्याच्या निर्णयाचा आम्ही आदरच करतो. पण ज्याला जायचे आहे त्याने द्वेष मनात न ठेवता जावे. हुकूम देणाऱ्याच्या हाती शेकडो माणसांचे जीव असतात. तिथे शील आणि प्रज्ञा असलेला माणूस असणे सगळ्यांच्याच हिताचे आहे.

कार्यकर्त्यांना विनंती

येत्या प्रवेशाच्या हंगामात विहारात एक तास या विषयासाठी काढा. वस्तीतले निवृत्त सुभेदार, हवालदार यांना बोलवा. बारावी झालेल्या प्रत्येक मुला-मुलीला एनसीसीच्या नोंदणीची तारीख विचारायला लावा. रामजी बाबांच्या काळात सुभेदाराच्या पुढे जाता येत नव्हते. आज जाता येते, आणि त्याची सुरुवात कॉलेजच्या पहिल्या वर्षी भरलेल्या एका अर्जाने होते.

जय भीम. नमो बुद्धाय.