कोरलईच्या गडावरील फिरंगी प्रार्थनामंदिर

रोह्याकडून वाहत येणारी कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस रेवदंड्याचा कोट आणि दक्षिणेस, समुद्रांत शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर, कोरलईचा किल्ला आहे. हीं दोन ठाणीं ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं रोह्यास जाणारी खाडीची वाट असे. या किल्ल्याच्या तटबुरुजांविषयीं अनेकांनीं लिहिलें आहे. त्याच्या माथ्यावरील पडक्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम काळाचा प्रश्न. पोर्तुगीजांस चौलास कोट बांधण्याची परवानगी निजामशाहींतून इ. स. १५२१ मध्यें मिळाली. १५७०-७१ चा मुर्तजा निजामशहाचा वेढा निष्फळ झाल्यावर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें कोरलईच्या डोंगरावर ठाणें मांडून चौलास शह दिला. १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं हल्ला करून तें घेतलें, आणि १७४० च्या तहानें किल्ला मराठ्यांकडे आला. अर्थात् हें मंदिर या दोन सालांच्या दरम्यानचें होय.

मंदिराची जागा विचार करण्यासारखी आहे. किल्ला लांबट व अरुंद असून आडव्या भिंतींनीं व त्यांतील दरवाजांनीं त्याचे भाग पाडलेले आहेत. मंदिर वरच्या भागांत, पाण्याच्या टाक्याजवळ आहे. पाणी, उपासना आणि अखेरचा आसरा हीं तिन्हीं एकत्र ठेवण्याची ही योजना आपणांस परकी नाहीं. रोह्यानजीकच्या अवचितगडावरही टाकीं व महादेव आहेतच. कोरलईवरही आज मंदिराच्या निकट महादेवाचें देऊळ आहे.

मंदिराच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर मात्र नाहीं. यावरून तें विजेत्यांनीं पाडलें असें अनुमान काढणें आम्हांस धाडसाचें वाटतें. कोंकणच्या पावसांत दरसालची डागडुजी चुकली कीं शत्रूवांचूनही छप्पर बसतें. किल्ल्यावरील हें मंदिर मुख्यतः शिबंदीसाठीं होतें. शिबंदी गेली आणि त्याची निगा राखणारें कोणी उरलें नाहीं.

याची साक्ष पायथ्याशींच मिळते. कोरलई गांवांत ख्रिस्ती वस्ती टिकली, तिचें माउंट कार्मेल मातेचें चर्च चालूं राहिलें, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या संसर्गांतून घडलेली तिची बोली आजही घरांघरांत ऐकूं येते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. क्लेमेंट्स यांनीं १९९६ सालीं तिजवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

तात्पर्य, तोफांच्या आश्रयानें उभें राहिलेलें मंदिर तोफांबरोबरच ओस पडलें. शेतकऱ्यांची प्रार्थना व भाषा मात्र राज्य गेल्यावर पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ टिकली. ती बोली बोलणारे आतां थोडे आहेत. गडाचे दगड आणखी कांहीं शतकें थांबतील. बोली थांबणार नाहीं. म्हणून संशोधकांनीं गड चढण्यापूर्वीं गांवांत थांबावें, अशी आमची विनंति आहे.