पोट उतरवणारे तेल : थोडी जुनी हकीकत



"अमक्या बियांचे तेल रोज उपाशीपोटी दोन चमचे घ्या, महिन्यात पोट उतरते," असे आजकाल बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात ऐकू येते. कोणी तर त्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेल्या साखरेच्या गोळ्याही बंद करतो. म्हणून आज तेलाची थोडी मागची गोष्ट पाहू.

ही समजूत कालची नव्हे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथात तिळाचे तेल बारक्याला भरवते आणि स्थूलाला उतरवते, असे सांगितले आहे. उलट आपल्या ओळखीच्या करडीला, म्हणजे कुसुंभाला, चरकसंहितेने सर्व वनस्पतींच्या तेलांत अहितकर ठरवले. गंमत पहा, विसाव्या शतकात हेच करडीचे तेल हृदयाला चांगले म्हणून गाजले. कारण त्यातला सुमारे पाऊण भाग लिनोलिक आम्लाचा असतो आणि तुपा-वनस्पतीच्या जागी ते वापरल्यास रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होते. तेलाचे नाव असे वर-खाली होत आले आहे.

आपल्या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, रब्बीच्या पिकाच्या कडेने करडीचे तास असत. काट्यांमुळे ढोरे आत शिरत नसत. बी घाण्यावर जाई, तेल घरी येई, ढेप गोठ्यात जाई. जवस, तिळाचेही तसेच. तेल घरचे, पण मोजके. मायबाई ते पळीने वाढे, आणि खाणारा दिवसभर वखरामागे चाले. त्या पिढीची अंगे सडसडीत होती ती राबण्याने आणि मोजक्या खाण्याने. तेलात जादू नव्हती.

पुढे १९३७ साली डालडा वनस्पती बाजारात आले. १९८६ साली सरकारने तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान काढले. सोयाबीन शिवारभर पसरले, करडी-जवसाचे तास मागे पडले. तेल डब्यातून, मग पिशवीतून येऊ लागले आणि पळीचे माप सुटले.

आता नवे संशोधन. २००९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाने मासिक पाळी थांबलेल्या, लठ्ठ व मधुमेही बायांना १६ आठवडे रोज ८ ग्रॅम करडीचे तेल दिले. धडावरची चरबी थोडी घटली. पण एकूण वजन उतरले नाही, आणि प्रयोग पूर्ण करणाऱ्या बाया अवघ्या ३५ होत्या. एवढ्यावरून करडीला लठ्ठपणाचे औषध म्हणता येत नाही.

हिशेब साधा आहे. तेल तिळाचे असो, करडीचे असो की सोयाबीनचे, १ ग्रॅमला ९ उष्मांक. वरून घेतलेले दोन चमचे म्हणजे रोज सुमारे ८० उष्मांक जास्तच.

तेव्हा एवढे करा :

बैठे काम असेल तर दिवसाला माणशी २० ते २५ ग्रॅम तेल, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे, पुरे. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या वर जाऊ नये. डबा फोडला की त्यावर तारीख टाका, म्हणजे खर्च कळतो.

करडीचे तेल आवडत असेल तर रोजच्या तेलाच्या जागी वापरा, त्याच्यावर नको.

जवसाचे तेल लवकर खवट होते. त्यापेक्षा जवस भाजून चटणी करा.

गोळी बंद करायची की नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

आणि जमले तर यंदा हरभऱ्याच्या कडेने करडीचे चार तास टाका. घरचे तेल येईल, ढेप येईल. फक्त वाढताना आजीची पळी विसरू नका.