दुरून डोंगर साजरे : सिम्युलेटरमधल्या क्षितिजाचा इतिहास

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. संगणकावर विमान उडवण्याचे सिम्युलेटर आता घरोघरी आले आहेत. त्यांच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये लांबचे डोंगर, गावं, झाडं किती तपशिलात दाखवायची हे ठरवणारे स्लायडर असतात. बहुतेक जण सगळे स्लायडर उजवीकडे ओढतात. मग संगणक धापा टाकायला लागला की सगळे डावीकडे आणतात. डोंगर सपाट होतात, आणि मशीन जुनं झालं असं आपण ठरवून टाकतो.

खरं तर या स्लायडरमागे दोनशे वर्षांचा विचार आहे. दूरच्या गोष्टीतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी सर्वेक्षकांना, सैनिकांना आणि वैमानिकांना पडला होता. त्यांची उत्तरं समजली की स्लायडर कुठे थांबवायचा हे आपोआप कळतं.

सुरुवात आपल्या हिंगणघाटपासून करू. जानेवारी १८२३ मध्ये विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज सर्वेक्षक तिथे वारला. तेव्हा हिंगणघाट आणि आपलं रायपूर, दोन्ही नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणायला सुरुवात केली होती. त्याच्याकडे सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट होता. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीचा कोन घ्यायचा आणि गणितानं अंतर काढायचं, असं हे काम. टेकडीवर झाडं किती, वाटा कुठून जातात, हे त्या गणितात येत नाही. लागतो तो फक्त माथा.

हेच काम पुढे हिमालयापर्यंत गेलं. एव्हरेस्टचे कोन शंभराहून अधिक मैलांवरून घेतले गेले. आता साधं गणित पाहा. १६० किलोमीटरवरच्या शिखराचा सुमारे २ किलोमीटर भाग पृथ्वीच्या गोलाईमुळे दृष्टिरेषेखाली गेलेला असतो. वर हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे शिखर असतं त्याहून थोडं उंच दिसतं. ही दोन्ही दुरुस्ती करून १८५६ मध्ये जी उंची जाहीर झाली ती २९,००२ फूट. आजचा आकडा ८,८४८.८६ मीटर, म्हणजे जवळपास २९,०३२ फूट. फरक तीस फुटांचा. दूरच्या डोंगराचं नेमकं काय बघायचं हे ठरलेलं असेल, तर इतक्या लांबूनही इतकं अचूक काम होतं.

आता फौजेकडे वळू. डोळ्यांनी अंतर ओळखण्याचा धडा प्रत्येक रंगरूटाला शिकवला जातो. २०० मीटरवरच्या माणसाचे सगळे अवयव स्पष्ट दिसतात. ३०० वर चेहऱ्याची कड पुसट होते. ४०० वर शरीराची आकृती कळते, पण चेहरा ओळखू येत नाही. ६०० वर डोकं म्हणजे नुसता ठिपका. अंतर वाढलं की डोळा स्वतःच तपशील गाळतो, आणि तोही ठरावीक क्रमानं. समोरच्या मुलखाचं रेखाटन करतानाही हाच क्रम. आधी क्षितिजाची रेषा, मग ठळक खुणा, आणि वेळ उरला तर बाकीचं. क्षितिजरेषा चुकली तर खाली कितीही सुंदर झाडं काढा, तो कागद तोफखान्याच्या उपयोगाचा नाही.

सिम्युलेटरचा जन्म मात्र क्षितिजाशिवायच झाला. अमेरिकेत एडविन लिंक यानं १९२९ मध्ये पहिलं प्रशिक्षण यंत्र बनवलं. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा. त्यातलेच हवेचे भाते वापरून त्यानं छोटं लाकडी विमान हलतं केलं. आतल्या शिकाऊ वैमानिकावर झाकण असायचं, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नसे. शिकायचं तेच होतं, फक्त काटे बघून उडणं. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्यानं हवाई टपाल नेण्याचं काम घेतलं, खराब हवेत बरेच वैमानिक दगावले, आणि त्यानंतर सैन्यानं लिंकची यंत्रं विकत घेतली.

बाहेरचा देखावा दाखवायची सोय पुढे आली, तीही संगणकाशिवाय. भिंतीएवढ्या फळीवर धावपट्टी, शेतं, टेकड्या यांचा लहानसा नमुना उभारायचा, त्यावरून कॅमेरा फिरवायचा आणि ते चित्र वैमानिकासमोर दाखवायचं. आमच्या फौजी सँड मॉडेलचाच हा थोरला भाऊ. पण फळी संपली की जग संपलं. मग कडेला धुकं दाखवायचं. आजही सिम्युलेटर दूरची कड धुक्यात लपवतात, ती युक्ती इतकी जुनी आहे.

खरा बदल १९७६ मध्ये झाला. जेम्स क्लार्क या संशोधकानं एका निबंधात अगदी सोपा मुद्दा मांडला. एखादी वस्तू पडद्यावर चारदोन ठिपक्यांएवढीच दिसणार असेल, तर तिच्यासाठी शेकडो त्रिकोण आखून काय मिळणार? एकाच वस्तूच्या ढोबळ ते बारीक अशा अनेक प्रती ठेवा आणि अंतर पाहून योग्य ती प्रत वापरा. याच क्लार्कनं पुढे सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढली. तुमच्या सेटिंगमध्ये 'लेव्हल ऑफ डिटेल' किंवा 'एलओडी' असे शब्द दिसतात, ते याच विचारातून आलेले आहेत.

घरगुती सिम्युलेटर त्याच सुमारास आले. ब्रूस आर्टविकचा कार्यक्रम आधी ॲपल संगणकावर आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावानं आयबीएम पीसीवर. सुरुवातीचे डोंगर म्हणजे चार रेषा. खऱ्या डोंगरांची खरी उंची मिळायला २००० साल उजाडावं लागलं. त्या फेब्रुवारीत एंडेव्हर अवकाशयानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. मात्र अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी ९० मीटरच्या चौकोनांचीच माहिती खुली झाली. ३० मीटरची माहिती २०१४ पासून टप्प्याटप्प्यानं आली. ९० मीटरचा चौकोन म्हणजे काय? लिंगाण्यासारखा सुळका त्यात बोथट होतो. हिमालयाच्या उभ्या कड्यांत तर रडारला जागोजागी काही दिसलंच नाही, तिथे माहितीत भोकं राहिली. तेव्हा जुन्या सिम्युलेटरमध्ये सह्याद्री गोलमटोल दिसत असेल, तर दोष दर वेळी तुमच्या ग्राफिक्स कार्डाचा नसतो.

आता प्रत्यक्ष सेटिंग. एक हिशेब लक्षात ठेवा. पडदा १९२० ठिपके रुंद आणि नजरेचा कोन ६० अंश धरला, तर १० मीटर उंच झाड २० किलोमीटरवर जेमतेम एक ठिपका भरतं. पण ५०० मीटर उंच डोंगर ६० किलोमीटरवरही सुमारे १५ ठिपके उंच दिसतो. झाड गाळलं तर कुणाला कळणार नाही. डोंगर गाळला तर रस्ता चुकेल.

म्हणून पहिलं प्राधान्य जमिनीच्या उंचीला. २००६ च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये ही सेटिंग 'मेश' नावानं आहे. मूळ माहिती ७६ मीटरची असेल, तर स्लायडर ५ मीटरवर नेऊन नवा कडा उगवत नाही, हेही ध्यानात ठेवा. दुसरं, तपशिलाची त्रिज्या. २०२० च्या आवृत्तीत ती 'टेरेन लेव्हल ऑफ डिटेल' या नावाखाली येते. इथे एकदम उडी मारू नका, कारण त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि तो भार बराचसा मुख्य प्रोसेसरवर पडतो. तिसरा नंबर इमारती आणि झाडांचा. त्यांचा स्लायडर वेगळा असतो, संगणक दमला तर आधी तोच खाली आणा. फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरमध्ये तर ही अंतरं थेट मीटरमध्ये लिहिता येतात. एका वेळी एकच स्लायडर हलवा. जागा, वेळ आणि हवामान तेच ठेवून सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते वहीत लिहा.

मुलूखही बघा. आपल्या माना विमानतळावरून उडालात तर भोवती महानदीच्या खोऱ्याचं सपाट मैदान आहे. भिलाईच्या चिमण्या सुमारे ३५ किलोमीटरवर, आणि मैकलचे डोंगर वायव्येला शंभर किलोमीटरच्या आसपास. १०,००० फुटांवरून क्षितिज जवळपास २०० किलोमीटर लांब असतं, म्हणजे हिशेबानं मैकल दिसायला हवा. प्रत्यक्षात आपल्याकडच्या धुरकट हवेत तो बहुतेक वेळा दिसत नाही. तेव्हा रायपूरला त्रिज्या मध्यम ठेवून दृश्यमानता कमी केलीत, तर देखावा उलट खरा वाटेल. लेह किंवा सह्याद्रीचा घाटमाथा असेल तिथे मात्र त्रिज्या वाढवा आणि झाडांवर काटकसर करा.

कुणी म्हणेल, खेळच तर आहे, एवढं कशाला? १९६२ साली ६ आणि ७ जुलैच्या मध्यरात्री अलितालियाचं डीसी-८ विमान मुंबईला उतरण्यासाठी खाली येऊ लागलं. मुंबई आहे त्याहून जवळ आली असा वैमानिकाचा समज झाला होता. अंधारात विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. आतले सर्व ९४ जण गेले. डोंगर नकाशावर होता. त्या क्षणी वैमानिकाच्या मनातल्या चित्रात मात्र तो तिथे नव्हता.

सिम्युलेटरवर शिकणारा मुलगा हेच मनातलं चित्र तयार करत असतो. समोरचा डोंगर दर वेळी दहा किलोमीटरवर आल्यावर अचानक उगवत असेल, तर त्याची नजर लांब बघायचं सोडून देते. आणि हवा कायम काचेसारखी स्वच्छ ठेवली, तर धुरकट दिवशी काय करायचं हे तो शिकतच नाही. उद्या त्यातलाच कुणी खऱ्या विमानात बसेल. त्यानं आधी क्षितिज पाहावं, मग ठळक खुणा, मग बाकीचं. घरातल्या मुलांचे स्लायडर लावून देताना एवढा क्रम सांभाळा.

पुढच्या भागात नकाशावरच्या समोच्च रेषा कशा वाचायच्या ते पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद.